किलोला तीन मुठी

नांदेड, ३ मे २०२५

ती. पार्वतम्मा आत्यास,
दामिनीचा शिवशरणार्थ.

फोन करत नाही. गेल्या वेळी मी "तब्येत कशी आहे?" असं विचारलं आणि तू "कालवड झाली" असं उत्तर दिलंस. कानातलं यंत्र तू सुपारीच्या डब्यात ठेवतेस, हे अंजूवहिनीने सांगितलं आहे. म्हणून पत्र. देवणी–उदगीर–नांदेड गाडीवर आपल्या देवणीचा व्यंकटी कंडक्टर असतो, तो पिशवी नेईन-आणीन म्हणाला. पिशवी रिकामी पाठवायची नाही हा तुझा नियम. सोबत अर्धा किलो खजूर आहे.

एक बातमी आहे आणि ती दुसऱ्या कुणाकडून तुला कळण्याआधी मीच सांगते. इथे बायकांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग सुरू झाला आहे. लोणची, मुरंबे, सरबतं घरच्या घरी टिकवायची कशी आणि त्यातून कुणाला बाधा होऊ नये म्हणून काय करायचं, हे शिकवतात. मी नाव घातलं. बाबा म्हणाले, "अक्काच्या हाताखाली सातवीपर्यंत वाढलेली पोर लोणचं शिकायला क्लास लावते, हे देवणीत कळलं तर मला तिकडे तोंड दाखवता येणार नाही." बाबा तसेही दोन वर्षांत तिकडे आलेले नाहीत.

पंचशीला मॅडम शिकवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "आंब्याच्या लोणच्यात मीठ किती घालता?" आम्ही तेवीस जणी. कुणी म्हणालं चवीपुरतं, कुणी म्हणालं अंदाजाने, एक म्हणाली सासूबाई "बस" म्हणेपर्यंत. मी ताठ बसून म्हटलं, "किलोला तीन मुठी." मॅडमनी विचारलं, "कुणाच्या?"

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. घरी येऊन जेवताना, झोपताना, दात घासताना तेच डोक्यात. कुणाच्या?

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकीला घरची एक कृती वजनासकट लिहून द्यायची आहे. तुझं आंब्याचं लोणचं मला ग्रॅममध्ये हवं आहे. मीठ किती, मोहरी किती, मेथी किती, तेल किती. एवढं कळव.

गेल्या वर्षी तू पाठवलेली बरणी फार छान निघाली. दिवाळीपर्यंत पुरवून खाल्ली. बाबांनी बोटं चाटली.

तुझी,
दामिनी

देवणी, ९ मे

चि. दामिनीस आशीर्वाद.

खजूर मिळाला. बिया काढून पाठवायचा होतास. मला दात किती राहिलेत ते तुला म्हाईत हाय.

पत्र राजशेखरला वाचून दाखवलं. एवढा मोठा बाप्या, हसता हसता ठसका लागला त्याला. अंजू पाणी घेऊन पळाली, तिनं निम्मं वाटेतच सांडलं. माझी सून अशी हाय.

तेवीस बाया एका खोलीत बसून लोणचं शिकून राहिल्या. त्यांच्या आयांना काय झालं? का आयांनी पण कुठं क्लास लावलाय? आणि मॅडम विचारती कुणाच्या मुठी. जिची बरणी तिच्या मुठी. एवढं कळायला सहा आठवडे लागत असतील तर मोहरी फोडायला शिकेपर्यंत तुला पेन्शन लागंल.

मॅडमचं नुसतं नाव लिहिलंस. आडनाव लिहिलं न्हाईस.

ग्रॅम मला म्हाईत न्हाई. माझ्या हाताला म्हाईत हाय. बरणी धुवून उन्हात दोन दिवस, मग हिंगाची धुरी, मग फोडी. यात मोजायचं काय हाय? तुला मी चांगली ओळखते. निजायच्या आधी कडी सात वेळा बघायचीस. अळी असंल म्हणून माझ्या दारातल्या झाडाचा एक पेरू कधी खाल्ला न्हाईस. ताक गाळून प्यायचीस. असल्या पोरीला आणखी भीती शिकवायला मास्तरीण कशाला पाहिजे?

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मठात पंगत बसती. पाचशे पानं. एकतीस वर्षं त्या पानांवर पार्वतम्माचं लोणचं पडतंय. कुणाचं पोट दुखलं न्हाई. ते माझं सर्टिफिकीट. तुझं आलं की भिंतीला लाव.

तुझी बरणी चांगली निघाली हे वाचून बरं वाटलं. लई बरं वाटलं. का, ते पुढं सांगीन.

सोबत कुरडया हायत. तळायच्या आधी भिंगातून बघून घे.

आत्या

नांदेड, १४ मे

ती. आत्यास शिवशरणार्थ.

कुरडया भिंगातून बघितल्या. एकीत केस होता. पांढरा. अंजूवहिनीचे केस काळे आहेत, एवढंच नोंदवते.

मॅडमचं आडनाव मुद्दाम लिहिलं नाही. तू विचारणार हे ठाऊक होतं. मठात शरणांमध्ये भेद नाही हे मला कडेवर घेऊन तूच शिकवलंस, आणि पत्रात पहिला प्रश्न हाच विचारलास. त्यांचं आडनाव लोणच्यात पडत नाही. मीठ पडतं, आणि ते त्या मोजून घालतात.

हिंगाच्या धुरीने बरणीला हिंगाचा वास येतो. बाकी काही होत नाही. चांगली बरणी कढत पाण्याने धुवायची, पूर्ण वाळवायची, आणि पाण्याचा एक थेंब आत राहू द्यायचा नाही. उन्हाचं तुझं बरोबर आहे. तेलाचं पण बरोबर आहे, फोडी बुडून वर बोटभर तेल राहिलं पाहिजे. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या आत्यांचं नव्वद टक्के शास्त्र आहे. उरलेले दहा टक्के कुठे आहेत ते शोधा." मी त्यांना तुझं पत्र दाखवलं नाही, नाहीतर त्यांनी टक्के बदलले असते.

व्यंकटीच्या पिशवीत लहानसा वजनकाटा पाठवते आहे. आत दोन सेल घातलेले आहेत. वर वाटी ठेवायची, बटण दाबायचं, शून्य आलं की मीठ घालायचं. दहा वर्षांच्या मुलीला जमतं. तुला जमणार नाही असं बाबा म्हणाले. मी त्यांच्याशी पैज लावली आहे. माझी लाज राख.

दामिनी

देवणी, १० जून

चि. दामिनीस आशीर्वाद.

तुझा काटा मिळाला. चुन्याच्या डबीचं झाकण उडत होतं, त्याच्यावर ठेवलाय. बरोबर बसलाय. पैज तू हरलीस, बापाला सांग.

लोणचं झालं. आंबा लई चांगला मिळाला, पाडाला न आलेला, कडक. दोन दिवस मी आणि शेजारची उमाबाई फोडीत होतो. पाच बरण्या भरल्या. चार मठाच्या, एक घरची. तुझी लहान बरणी यातूनच काढीन, श्रावण होऊ दे.

आता ते सांगते. गेल्या साली घरच्या दोन बरण्यांना दसऱ्याला पांढरं आलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. कुणाला सांगितलं न्हाई. परड्यात पुरलं. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नव्हतं. म्हणलं, पार्वतम्मा, हात गेला तुझा. हात गेला म्हंजे मग राहिलं काय? टीव्हीपुढं बसायचं आणि सुनेला चहा मागायचा.

मग तुझं पत्र आलं. त्याच दिवशी, त्याच मिठानं, त्याच हातानं भरलेली तुझी बरणी दिवाळीपर्यंत चांगली राहिली. म्हंजे माझा हात बरोबर हाय. घरातला दुसरा हात वाईट हाय. तो कुणाचा ते सांगायला पाहिजे का? ओला चमचा घालती. पाठ वळली की घालती. मी विचारलं तर म्हणती, "न्हाई हो अत्ती, मी पुसून घालते." पुसून! पदराला!

आपल्यात विटाळ पाळत न्हाईत, न्हाईतर निदान त्याच्यावर तरी ढकलता आलं असतं.

या साली त्या खोलीला कुलूप घातलंय. किल्ली माझ्या कमरेला. उमाबाईला पण सांगितलं, राजशेखरला पण सांगितलं. अंजू ऐकत उभी होती, ऐकू दे.

तुझ्या पत्रानं माझं सोनं झालं बघ. एवढ्यासाठी तुझा क्लास माफ.

सोबत शेंगाची चटणी.

आत्या

नांदेड, १५ जून

ती. आत्यास शिवशरणार्थ.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. चटणी उघडली नाही अजून.

अंजूवहिनीवर एवढ्या लवकर ठपका ठेवू नकोस. ओल्या चमच्याने बुरशी येते, खरं आहे. पण एका चमच्याने दोन बरण्या एकाच वेळी जात नाहीत. मीठ कमी पडलं तर मात्र जातात. तेल कमी पडलं तरी जातात. हे माझं म्हणणं नाही, मॅडमचं आहे.

दोन गोष्टी कर. एक, पाचही बरण्यांचं तोंड उघडून बघ आणि जे दिसेल ते लिही. वास चांगला आहे, रंग चांगला आहे असलं लिहू नकोस. दिसतं काय ते लिही. दुसरं, किलोला तू ज्या तीन मुठी घालतेस त्यातली एक मूठ खडेमीठ, जशी नेहमी भरतेस तशीच, फडक्यात बांधून माझ्याकडे पाठव. एकच मूठ. दाबून नको, सोडून नको.

हसायचं असेल तर हस. पण पाठव. राजशेखरदादाला पण हसू दे, फक्त ठसका लागला तर या वेळी पाणी तू आण.

दामिनी

देवणी, २९ जून

चि. दामिनीस आशीर्वाद.

मूठ पाठवली हाय. उपरण्याच्या तुकड्यात बांधली. व्यंकटी म्हणाला, "मावशी, मीठ नांदेडात मिळत न्हाई का?" मी म्हणलं, मिळतं, पण तिथल्या लोकांना ते मोजल्याबिगर खाता येत न्हाई. गाडीभर लोक हसले.

बरण्या बघितल्या. घरच्या बरणीला कडेनं पांढरा पापुद्रा धरलाय. मठाच्या चारांपैकी दोनांवर ठिपके हायत, तांदळाच्या कणीएवढे. कुलूप असून. आता बोल.

मी अंजूला बोलले. मी मठात गेले व्हते तेव्हा किल्ली कुठं व्हती, असं विचारलं. ती म्हणाली, "किल्ली तुमच्या कमरेला व्हती, अत्ती, मी तुमच्या कमरेत हात घालू का?" माझ्या घरात, माझ्या तोंडावर. मी पण मग बोलायचं ते बोलले. त्यात तुझं पत्र पण काढलं. म्हणलं, दामिनीची बरणी दिवाळीपर्यंत टिकती आणि तुझ्या सावलीत आठ दिवस टिकत न्हाई. तिनं पिशवी भरली आणि निलंग्याला आईकडं गेली. राजशेखर पोचवून आला आणि तेव्हापासून जेवताना भिंतीकडं बघतो. बघू दे.

मठाची काळजी करू नकोस. वरचं काढून टाकते, तेल कडकडीत तापवून निववून वर घालते, दोन उन्हं दाखवते. आमच्या आईनं असंच केलं असतं. पंगतीला सात आठवडे हायत. एकतिसाचं बत्तीस होईल.

तुझ्या मॅडमला सांग, मीठ चाखून बघ म्हणावं. देवणीचं हाय.

आत्या

नांदेड, २ जुलै

आत्या,

आज शिवशरणार्थ लिहायला हात धजत नाही. आधी खरं लिहिते.

गेल्या वर्षीची बरणी चांगली निघाली नव्हती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झाकण काढलं तर वर कापसासारखं पांढरं होतं आणि मधे हिरवट. बाबांनी त्याआधी आठ दिवस खाल्लं होतं. काही झालं नाही त्यांना, पण मी आठ दिवस त्यांच्याकडे बघत होते. लोणचं मी दोन पिशव्यांत बांधून टाकलं आणि बरणी पाच वेळा धुतली. बाबा म्हणाले, "अक्काला लिहू नको. तिचं तेवढंच आहे." आणि मी, जी ताक गाळून पिते, कडी सात वेळा बघते, मी तुला लिहिलं की बाबांनी बोटं चाटली. आयुष्यात एवढं सफाईने दुसरं काही केलं नसेल.

मी तुझं मन राखायला निघाले होते. ते राखलं गेलं अंजूवहिनीच्या जिवावर. तुझ्या हातात मी खोटा पुरावा दिला आणि तो तू तिच्या तोंडावर मारलास. पंधरा जूनला हे लिहायला हवं होतं. तेव्हाही मी मॅडमच्या आडून बोलले. भित्र्या माणसाला शास्त्र फार सोयीचं पडतं.

आता तुझी मूठ. सात वेळा मोजली, हस. एक्केचाळीस ग्रॅम.

त्याने काय होतं, म्हणशील. माझी सातवीतली विज्ञानाची वही बाबांच्या ट्रंकेत सापडली. 'आपल्या घरातील मापे' हा प्रकल्प आठवतो का? शिवप्पांच्या दुकानात मी तुझा हात धरून गेले होते आणि त्यांच्या काट्यावर तुला मूठ रिकामी करायला लावली होती. तू म्हणालीस, "ही पोर एक दिवस माझं डोकं पण तोलून बघंल." वहीत माझ्या अक्षरात आहे: वाटी १५० मिली. चिपटं मोठं, काट्यावर मावलं नाही. आत्याची मूठ ६२ ग्रॅम. माझी मूठ २९ ग्रॅम. खाली शिवप्पांची सही पण घेतलेली आहे, कारण मी तेव्हाही अशीच होते.

बासष्टाच्या तीन मुठी म्हणजे किलोला एकशे शहाऐंशी ग्रॅम. एक्केचाळीसच्या तीन म्हणजे एकशे तेवीस. तू एकतीस वर्षं तीनच मुठी घालते आहेस. मुठी तेवढ्याच आहेत, मूठ तेवढी नाही. तुझी बोटं सांध्यांतून वाकली आहेत, तुला पाटल्या सैल होतात म्हणून तू दोरा गुंडाळतेस, हे मी गेल्या उन्हाळ्यात बघितलं होतं. बघितलं, आणि पाटल्यांचाच विचार केला.

कुणाचा चमचा ओला नव्हता, आत्या. मीठ कमी होतं.

आणि आता मठाचं. वरचं काढून टाकून चालत नाही. बुरशी वर दिसते, पण तिचे धागे खाली गेलेले असतात. तिच्यामुळे लोणच्याचा आंबटपणा उतरतो, आणि तेलाखाली, जिथे हवा पोचत नाही, तिथे असं विष तयार होऊ शकतं की त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. नेहमी होतंच असं नाही. पण पाचशे पानांवर तू "नेहमी होत नाही" वाढणार आहेस का? तेल तापवून वर घातल्याने खालचं काही जात नाही. तुझ्या आईने असंच केलं असतं असं तू लिहितेस. तुझ्या आईची मूठ बासष्टची असेल.

ठिपके आलेल्या बरण्या पुरून टाक. खोल पूर, गाईच्या तोंडाला लागता कामा नये. ज्या दोन स्वच्छ दिसतात त्याही मी असते तर वाढल्या नसत्या, कारण मीठ त्यांच्यातही तेवढंच कमी आहे.

आणि निलंग्याला जा. मी जाऊन येईन असं आधी लिहिणार होते. पण तिला माझं तोंड नको असेल, आणि शब्द तुझ्या तोंडून गेले आहेत.

वहीचं पान सोबत जोडलं आहे. परत कर.

दामिनी

देवणी, २० जुलै

पत्र मिळालं. पान मिळालं.

पिशवी रिकामी पाठवते.

पार्वतम्मा

नांदेड, ५ ऑगस्ट

ती. आत्यास शिवशरणार्थ.

रिकामी पिशवी मी उलटी करून झटकून बघितली. व्यंकटी म्हणाला, "ताई, काही पडलं का?" त्याला काय सांगणार. बाबांना दाखवली तर ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सासरहून परत आली तेव्हा पण अक्काने पिशवी भरून आणली होती."

पंधरा दिवस तुझं काही नाही. व्यंकटी सांगतो की अंजूवहिनी निलंग्यालाच आहे आणि बरण्या माडीवर उन्हात ठेवलेल्या त्याने गाडीतून बघितल्या. चार बरण्या. त्याने मोजल्या. आता तोही मोजतो.

मी एक पत्र मठात लिहिलं आहे. तुझं नाव घातलं नाही. या साली लोणचं वाढू नये, एवढंच. टपालात टाकलेलं नाही, टेबलाच्या खणात आहे. रोज काढते, वाचते, ठेवते. ते गेलं तर देवणीत तुझी मान खाली जाईल आणि तू मला मेलेली समजशील. नाही गेलं आणि पंगतीत एखादं पोर आजारी पडलं, तर मी स्वतःला काय समजू?

मी एकदा गप्प बसले तर सून घराबाहेर गेली. दुसऱ्यांदा बसणार नाही. चौदा तारखेपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर पंधराच्या सकाळच्या गाडीने मी स्वतः ते पत्र घेऊन देवणीला येते. मठात जाण्याआधी तुझ्या दारात येईन. दार उघड किंवा नको उघडू.

तुझ्या हाताला नाव ठेवायचं नाही, आत्या. तुझ्या हाताने मला लिहायला शिकवलं. पण ज्या हाताने शिकवलं तो आता एक्केचाळीसचा आहे, आणि ते न सांगणं म्हणजे प्रेम असं मी वर्षभर समजत होते. ते प्रेम नव्हतं. ती कीव होती, आणि तुला कीव करणारी माणसं आवडत नाहीत.

पिशवीत काही घातलेलं नाही असं समजू नकोस. तळाशी बघ.

दामिनी

देवणी, २१ ऑगस्ट

चि. दामिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र बाराला पोचलं, आणि तेराला व्यंकटीच्या तोंडी "येऊ नको" एवढंच सांगितलं, कारण लिहायला येळ नव्हता. तू त्याच्यावर विश्वास ठेवून घरी बसलीस हे नवल हाय. सात वेळा विचारलंस म्हणे.

पिशवीच्या तळाशी मिठाची पुडी निघाली. एकवीस ग्रॅम. म्हंजे माझ्या मुठीतली तूट. लई शहाणी हायस. त्या दिवशी तू समोर असतीस तर उपरण्यानं बडवली असती.

आता जे झालं ते सांगते, तुझ्यासारखं शेवटून न्हाई, पहिल्यापासून.

तुझं जुलैचं पत्र आलं तेव्हा मी चुन्याच्या डबीवरनं काटा काढला. राजशेखर शेतात. वाटी ठेवली, बटण दाबलं. बापाला सांग, जमलं. मूठ भरली. एक्केचाळीस. परत भरली. चाळीस. दात खाऊन भरली. त्रेचाळीस, पण दोन बोटांत कळ आली. उजवा हात ठेवून डाव्यानं भरली, तर छत्तीस. मग वहीचं पान बघितलं. बासष्ट. शिवप्पाची सही. त्या रागानं पिशवी रिकामी पाठवली. तुझा राग न्हवता. कुणाचा व्हता ते तुला लिहीत न्हाई.

बरण्या उन्हात ठेवल्या हे खरं. मनात पाप व्हतं. म्हणलं, दोन उन्हं, एवढी पंगत निघून जाऊ दे. मग तुझं खणातलं पत्र कळलं. मठात चिठ्ठी जाणार म्हणून भ्याले असं समजू नकोस. मी भ्याले ते तू लिहिलंस, "एखादं पोर". पंगतीत पहिल्या ओळीला पोरं बसवतात. लोणच्याला पहिला हात तीच घालतात.

चारी बरण्या आणि घरची पाचवी परड्यात पुरल्या. बरण्या न्हाई, आतलं. छातीएवढा खड्डा राजशेखरनं काढला, वर दगड ठेवला. उमाबाई भिंतीवरनं बघत व्हती. म्हणाली, "पार्वतम्मा, कोण गेलं?" मी म्हणलं, "तुझी आजची करमणूक गेली, घरात जा."

मग यष्टीनं निलंग्याला गेले. एकटी. अंजूच्या आईनं पाणी दिलं, अंजू आतून आली न्हाई. मी हाक मारली. म्हणलं, "चल, बरण्या घासायच्या हायत." ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "कोरड्या हातानं का ओल्या?"

एकतीस वर्षांत मला असं कुणी बोललं न्हाई. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग ती म्हणाली, "अत्ती, एकदा तोंडानं सांगा." मी म्हणलं, "काय?" "मीठ कमी पडलं म्हणून." तिच्या आईपुढं, तिच्या भावजयीपुढं. मला वाटलं उठावं आणि परतीची गाडी धरावी. गाडी दोन तासांनी व्हती. म्हणून सांगितलं.

म्हणलं, "मीठ माझं कमी पडलं. तुझा चमचा कोरडा व्हता."

परतताना गाडीत तिनं माझा हात धरला न्हाई, पण पिशवी घेतली.

पंगतीचं सांगते. सोमवारी पाचशे पानं बसली. लोणच्याची जागा मोकळी. मी स्वामींना आदल्या दिवशीच सांगितलं व्हतं. ते म्हणाले, "लोणचं नसलं तर प्रसाद अडत न्हाई, पार्वतम्मा." एकतीस वर्षांत हे मला आधी कुणी सांगितलं न्हाई. मग मी मिठाचं ताट घेतलं. आपल्यात मीठ पहिलं पडतं पानावर, पोरंसोरं वाढतात ते. मी वाढलं. पाचशे पानं, चिमूट चिमूट. कमर मोडली. शिवप्पा तिसऱ्या ओळीत व्हता. म्हणाला, "पार्वतम्मा, आवंदा लोणचं?" मी म्हणलं, "माझी मूठ लहान झाली, शिवप्पा. सही तुझीच हाय. मीठ घे."

बायांनी दोन दिवस बोलून घेतलं. पोट कुणाचंच दुखलं न्हाई, त्याचं त्यांना जरा वाईट वाटून राहिलंय.

तुझ्या मॅडमला सांग, दहा टक्के सापडले. त्यांचं आडनाव मी परत विचारणार न्हाई. देवणीला आल्या तर जेवायला यायला सांग. काटा घेऊन या म्हणावं, माझ्याजवळचा आता अंजू देत न्हाई.

सोबत लिंबाच्या लोणच्याची लहान बरणी हाय. अंजूनं घातलंय, काट्यावर. बरणीवर कागद चिकटवलाय, तारीख, मीठ, लिंबं, सगळं. दवाखान्यातल्या बाटलीसारखं दिसतं. चव बरी हाय. बरी म्हंजे बरी. तिच्यापुढं मी "ठीक" म्हणलं, तू जास्त सांगू नकोस.

खणातला कागद चुलीत घाल. तुमच्याकडं चूल नसंल तर फाड. वहीचं पान परत करत न्हाई. देव्हाऱ्याच्या मागं लावलंय, उमाबाईला दाखवायला.

एक ऐक. माझं लोणचं वाईट निघालं तर वाईट निघालं असं लिहायचं. मला दात न्हाईत, पण वाचायला डोळे हायत.

अंजूची मूठ अठ्ठावन्न भरली. पुढल्या साली आंबा तिच्या मुठीनं पडंल, आणि काटा शेजारी मांडलेला राहील. फोडायला तू येशील. वहीत तुझी मूठ एकोणतीस लिहिलेली हाय. आता किती भरती ते मोजून कळव.

आकडा खरा लिही.

आत्या